पांढऱ्या बोटीचा घोडा: जानेवारी ते मार्च २०२५

४ जानेवारी, शनिवार

नवी वही सुरू. जुन्या वहीत ऑक्टोबरनंतर एक अक्षर नाही, कारण नोव्हेंबर-डिसेंबरभर माझी रिमोटवर चालणारी मॉडेल बोट गॅलरीत पालथी होती आणि मी तिला रंग देत बसलो होतो. प्रायमरचे दोन हात, पांढऱ्याचे तीन, वर क्लिअरचे दोन. दर दोन हातांच्या मध्ये स्पंजला पेपर गुंडाळून हलकं घासून घेतलं. आता तळात तोंड बघावं अशी झाली आहे. बायकोचा शेरा: "हॉलचं दार चार वर्षं रंगाची वाट बघतंय."

उद्या पाण्यात टाकायची, म्हणून आजची मापं लिहून ठेवतो. लांबी ७६० मिमी, बॅटरीसकट वजन २.४ किलो. बॅटरी चार सेलची (४एस), ५००० एमएएच लिपो, तिचं एकटीचं ५२० ग्रॅम. मोटर १८०० केव्ही (भार नसताना दर व्होल्टला मिनिटाला १८०० फेरे), मागे आउटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर टांगलेली. प्रॉप, म्हणजे बोट ढकलणारा पंखा, दोन पात्यांचा, ४० मिमी व्यासाचा, पिच (एका फेऱ्यात पुढे जायचं अंतर) व्यासाच्या १.४ पट. वजनाचा मध्य, म्हणजे सीजी, ट्रान्समपासून (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीपासून) २२२ मिमी पुढे. लांबीच्या २९ टक्के. टनेल बोटींचा सीजी साधारण २८ ते ३३ टक्क्यांत ठेवतात, तेव्हा त्यात गैर काही नाही. प्रॉपशाफ्टचा मध्य स्पॉन्सनच्या तळरेषेखाली १० मिमी. शाफ्ट तळाला समांतर, म्हणजे ट्रिम शून्य.

ही वही माझ्या मुलीच्या, सईच्या हाती पडणार आहे, म्हणून तिच्यासाठी दोन ओळी. टनेल बोटीला दोन लांब पाय असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात. मधली मोकळी जागा म्हणजे बोगदा, टनेल. वेग आला की बोगद्यात हवा कोंडते आणि बोटीला वर उचलते. मग बोट पाण्यावर बसलेली नसतेच. दोन्ही पायांचा मागचा चार बोटं रुंदीचा भाग आणि प्रॉप, एवढ्यावरच ती टेकलेली असते. म्हणून पळते, आणि म्हणूनच नखरेही करते.

५ जानेवारी, रविवार

पुण्यात हा छंद असलेल्या माणसाचं पहिलं दुखणं पाणी. पाषाण तलावात जलपर्णी. खडकवासल्याचं पाणी शहर पितं, आणि एका काठाला एनडीए. मुळा-मुठेत हात घालवत नाही, बोट कुठली घालणार? सोसायटीचा पोहण्याचा तलाव २० मीटरचा, आणि ताशी ६० किमी म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. म्हणून दिवे घाट चढून पुरंदरात मावशीच्या गावी जातो. तिथे पाझर तलाव आहे, भरला की लांबी दोनशे मीटरच्या आसपास. मावशीचे यजमान, आमचे तात्या, त्यांची अंजिराची बाग तलावाला लागूनच. गावात कोणाची हरकत नाही. अट एकच: गुरं पाण्यावर आली की बोट बाहेर.

सकाळी साडेआठला ११ अंश, वारा नाही, पाणी ताटासारखं. यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही असं म्हणून थ्रॉटल दाबला.

अर्ध्या थ्रॉटलपर्यंत सगळं ठीक. त्यापुढे नाक वर, खाली, वर, खाली. सेकंदाला तीन-चार उड्या. इंग्रजीत याला पॉर्पॉइझिंग म्हणतात, आमच्या घरी 'घोडा'. थ्रॉटल सोडला की थांबतो, वाढवला की घोडा मोठा होतो. शेवटी बोगद्याचं छत पाण्यावर थाप मारायला लागलं, तो आवाज बांधावरही ऐकू येत होता. जीपीएसवर कमाल ५८ दिसलं, पण ते एखाद्या उडीच्या शेंड्यावरचं असणार.

ऑक्टोबरात हीच बोट, हीच बॅटरी, हाच प्रॉप. घोडा नव्हता.

८ जानेवारी, बुधवार

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सुचलं. ऑक्टोबरात आम्ही दुपारी गेलो होतो, ३२ अंशांत. परवा ११ होते. थंड हवा दाट. दाब तोच धरला तर घनता केल्विन तापमानाच्या उलट प्रमाणात: ३०५ भागिले २८४, १.०७. म्हणजे बोगद्यात त्याच वेगाला ७ टक्के जास्त उचल. नाक हलकं झालं, घोडा सुरू झाला. उपाय: बॅटरी पुढे.

हा हिशोब मला फार आवडला. रात्री सईला कागदावर मांडून दाखवला. ती नववीत आहे, घनता शिकून झाली आहे.

बॅटरी ३० मिमी पुढे सरकवायची ठरवली. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण ५२० ग्रॅम ३० मिमी हलले की २.४ किलोच्या बोटीचा सीजी साडेसहा मिमीच हलतो. नवा सीजी २२८.५, म्हणजे ३० टक्के. बॅटरीखालची वेल्क्रो पट्टी पुढे चिकटवली.

१२ जानेवारी, रविवार

पालथी. व्यवस्थित, हवेत पूर्ण गोल फिरून.

सकाळच्या फेऱ्यांत घोडा थोडा कमी वाटला, मधल्या वेगाला तर जवळजवळ नाहीच. पूर्ण थ्रॉटलला होता तसाच. दहाच्या सुमारास वारा सुटला. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण आणखी एक फेरी म्हणून वाऱ्याच्या तोंडावर पूर्ण थ्रॉटल दिला. एका उडीच्या शेंड्यावर झुळूक नाकाखाली शिरली आणि बोट उभी राहिली. क्षणभर तिचा सगळा पांढरा तळ दिसला. मग पाठीवर.

वाऱ्याचं गणित मला तोंडपाठ आहे, तरी केलं. बोट ६० ने जातेय, समोरून वारा १५ चा, तर हवेच्या दृष्टीने वेग ७५. उचल वेगाच्या वर्गावर: ७५ भागिले ६०, त्याचा वर्ग १.५६. म्हणजे दीडपटीहून जास्त. थंड हवेचे ७ टक्के यापुढे चिल्लर.

तात्या ट्रकची ट्यूब घेऊन पाण्यात उतरले. "काय रं, परत पालथी का? रंगवून आणलीस म्हनून पाठ दाखवतीय व्हय?" मी म्हटलं, तात्या, तुम्ही नका जाऊ, पाणी गार आहे. तोवर ते निम्म्यात पोहोचले होते. सत्तरीचा माणूस माझ्या खेळण्यासाठी जानेवारीत पाण्यात उतरतो, याची लाज वाटली. पुढच्या वेळी हवा भरलेली ट्यूब, लांब दोरी आणि मी.

नाकात पोहण्याच्या फोमच्या नळीचे तुकडे कोंबलेले, म्हणून बुडाली नाही. झाकणाची टेप डावीकडून सुटली होती, आत पेलाभर पाणी.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा सर्किटचा डबा) दोन दिवस तांदळात नव्हे, पंख्याखाली उघडा ठेवला होता. तांदळाने काही होत नाही, नुसता भुसा आत जातो. चालला. मोटरच्या बेअरिंगना तेल. फ्लेक्स शाफ्ट (मोटरपासून प्रॉपपर्यंतचा लवचीक दांडा) बाहेर काढून पुसला, ग्रीस लावून परत घातला. रिसीव्हरच्या डब्याला नवी टेप. तिळगूळ.

१९ जानेवारी, रविवार

आज ट्रिम.

खऱ्या टनेल बोटींचं एक सुख आहे. फॉर्म्युला वनची पॉवरबोट साधारण सहा मीटरची असते, ताशी २०० किमीच्या वर पळते, आणि तिच्या चालकाला बसल्या जागी बटणाने आउटबोर्डचा कोन बदलता येतो. सरळ रेषेत इंजिन बाहेर, नाक वर. वळण आलं की आत, नाक खाली. २०१८ च्या नोव्हेंबरात या शर्यतीची एक फेरी कृष्णा नदीवर अमरावतीला झाली होती (आंध्रची अमरावती, मी ऑफिसात सांगितलं तेव्हा दोघांनी विचारलं, विदर्भात एवढं पाणी कुठे?). आपल्या मॉडेलला ते बटण नाही. काठावर बसून वॉशर घालायचे आणि तोच कोन घेऊन सरळ आणि वळण दोन्ही निभवायचं. सगळं ट्यूनिंग म्हणजे ही तडजोड.

माझ्या ब्रॅकेटच्या वरखालच्या बोल्टांत ९० मिमी अंतर आहे. तेव्हा १.६ मिमीचा वॉशर म्हणजे एक अंश. दीड अंश आत घेतला. प्रॉप आता मागची बाजू किंचित वर ढकलतो, म्हणजे नाक दाबतो.

घोडा गेला. गेला म्हणजे दबला: पूर्ण थ्रॉटलला बारीक थरथर राहिली. पण वेग ५८ वरून ५२. आणि उजव्या वळणात नवं संकट. नाक पाण्यात रुतलं, बोट जागच्या जागी गर्रकन फिरून आमच्याकडे तोंड करून उभी. तीन वेळा वळवली, तिन्ही वेळा तेच.

परत येताना घाटात सई म्हणाली, "बाबा, तुझा तो थंड हवेचा हिशोब. ७ टक्के उचल म्हणजे वेगात किती?" वर्गमूळ काढायचं, साडेतीन टक्के. "म्हणजे आत्ताचे ५८ हे ऑक्टोबरातल्या ६० सारखे. मग ऑक्टोबरात किती वेग होता?"

घरी येऊन जुनी वही काढली. ऑक्टोबर, कमाल ६०.४, शेरा: "दगडासारखी स्थिर."

दोन आठवडे मी एका हिशोबाच्या प्रेमात होतो आणि तो मोडायला लागणारा आकडा माझ्याच अक्षरात कपाटात पडलेला होता.

२० जानेवारी, सोमवार

कालचे व्हिडिओ मोबाईलवर सेकंदाला २४० फ्रेमनी घेतले होते. रात्री जेवणानंतर सगळे बघत बसलो. एका फेरीत बोट आमच्यासमोरून पाच-सहा मीटरवरून गेली आहे. मी नाकाकडे बघत होतो, कारण उडी नाकाची.

आईने चष्मा वर केला आणि म्हणाली, "हे मागे पाणी चिकटतंय ते बघ. पातेल्यातून दूध ओततो तसं."

परत लावलं. खरंच. स्पॉन्सनच्या मागच्या टोकाला पाणी सुरीने कापल्यासारखं सुटायला हवं. इथे ते कडेवरून वळून ट्रान्समच्या उभ्या भिंतीवर चढत होतं आणि मग तुटत होतं. ज्या पातेल्याचा काठ गोल वळवलेला असतो त्यातून दूध हळू ओतलं की धार बाहेरून बुडाशी ओघळते, तसंच.

बोट उलटी करून मागच्या कडेवर नख फिरवलं. नख अडलंच नाही, घसरत खाली गेलं. गोल! सात हात रंग, आणि प्रत्येक हातानंतर मऊ स्पंजवर पेपर. स्पंज सपाट जागेवर हलका घासतो आणि कडेवर दुमडून जास्त खातो. चांगला दीड मिमीचा गोलवा आला होता, वर क्लिअरने तो चकचकीत केला होता.

वक्र पृष्ठभागावरून पाणी वळलं की तिथे दाब कमी होतो. म्हणजे स्पॉन्सनची शेपटी खाली ओढली जाते. शेपटी खाली, नाक वर. नाक वर झालं की हवा आणखी उचलते, मग बोट पडते, पुन्हा ओढली जाते. हा घोडा. मी नाकावर वजन टाकत होतो, प्रॉपने नाक दाबत होतो, आणि दुखणं शेपटीत.

आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणून मी ते गोल काठाचं पातेलं वापरत नाही." झोपायला गेली.

२२ ते २५ जानेवारी

चार संध्याकाळी कडा. हे काम नीट लिहितो, कारण पुन्हा करावं लागणारच.

आधी सपाट जागा हवी. घरातली सगळ्यात सपाट वस्तू म्हणजे ग्रॅनाइट. ओट्यात सिंक बसवताना मधला जो चौकोन कापून काढतात तो ग्रॅनाइटवाल्याकडे पडून असतो. ऑफिसच्या वाटेवरच्या दुकानात मागितला, ८० रुपये. त्यावर १८० नंबरचा वॉटर पेपर पाण्याने चिकटवला.

मग तपासणी. सहा इंची पोलादी पट्टी तळावर उभी धरायची, मागे ट्यूबलाइट, आणि पट्टीखालून उजेड कुठे येतो ते बघायचं. उजव्या स्पॉन्सनला फक्त शेवटच्या दोन मिमीत उजेड, म्हणजे नुसती गोल कड. डाव्याला शेवटच्या ४० मिमीत पट्टी डुलत होती. तिथे तळ पोटासारखा फुगीर, फीलर गेजने ०.३ मिमी. हा रंगाचा नव्हे, साच्यातलाच असावा, कारण खरवडल्यावरही राहिला. फुगीर तळही शेपटी खाली ओढतो. उलट खोलगट असता तर शेपटी उचलून नाक दाबलं असतं. ०.३ मिमी म्हणजे व्हिजिटिंग कार्डाची जाडी, पण बोट ज्या चार बोटांवर उभी आहे त्याच चार बोटांत.

मागच्या २५ मिमीवरचा रंग ब्लेडने खरवडून काढला. हे करताना हात जड झाला होता, खोटं का बोला. बोहरी आळीतून अॅल्युमिनियमची एल-पट्टी आणली होती, तिला पॅकिंग टेप गुंडाळली म्हणजे एपॉक्सी धरत नाही. ती ट्रान्समला क्लॅम्पने अशी दाबली की वरची धार तळाच्या रेषेपेक्षा केसभर वर येईल. झाला बांध. हळू सुकणाऱ्या एपॉक्सीत दळलेला काचतंतू मिसळून, चटणीइतकं घट्ट झाल्यावर, त्या कोपऱ्यात भरलं. डाव्या स्पॉन्सनवर फुगवट्याच्या पुढेही पातळ थर दिला. काचतंतू मिसळताना मास्क आणि हातमोजे, गॅलरीचं दार बंद.

चोवीस तासांनी पट्टी टक्कन सुटली. कड इतकी धारदार की बोटाला टोचली. मग ग्रॅनाइटवर तळ ठेवून घासणं: १८०, ३२०, ६००, पाणी घालत, हात मागेपुढे सरळ आणि जोर न देता. स्पंज कचऱ्यात. पेन्सिलीने तळावर जाळी काढायची, रेघा जिथे राहतात तिथे खड्डा, जिथे आधी जातात तिथे उंचवटा. डाव्याच्या फुगवट्यावरच्या रेघा शेवटपर्यंत आधी जात राहिल्या. चौथ्या संध्याकाळी पट्टीखाली उजेड दिसेना.

बाहेरच्या आणि बोगद्याच्या बाजूच्या कडाही तपासल्या. त्यांनाही स्पंजने खाल्लं आहे, पण मागच्याइतकं नाही. त्या नंतर.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून निघालो, तलावावर पोहोचायला दहा वाजले. वारा हलका.

ठरवून सगळं ५ तारखेच्या जागी नेलं. बॅटरी मागे, सीजी २२२. वॉशर काढले, ट्रिम शून्य. प्रॉप तोच. बदल एकच, कडा. दोन आठवडे एकावर एक उपाय चढवत गेल्याने कशाचा काय परिणाम ते मलाच कळेनासं झालं होतं.

पहिली फेरी अर्ध्या थ्रॉटलने. मग पाऊण. मग दाबून धरला.

काही झालं नाही. याहून चांगलं वाक्य सापडत नाही. बोट आली, गेली, दोन्ही स्पॉन्सनमागे दोन सरळ पांढऱ्या रेघा. ६१.५.

सईने उभ्या उभ्या हिशोब केला. १८०० गुणिले १४.८ व्होल्ट, २६,६४०. भाराखाली ८० टक्के धरले तर २१,३०० फेरे. पिच ५६ मिमी. प्रॉपची पाण्यातली घसरण शून्य असती तर ताशी ७१.६ किमी. आधी ५८, म्हणजे १९ टक्के घसरण, आता १४. ते ८० टक्के अंदाजाचे आहेत, तेव्हा आकड्यांपेक्षा दोन्हींतला फरक महत्त्वाचा.

तात्यांनी बांधावरून विचारलं, "आज ट्यूब लागायची न्हाई का?" थोडे नाराज वाटले.

९ फेब्रुवारी, रविवार

सरळ झाली, आता वळण. मॉडेल बोटींच्या शर्यती घड्याळाच्या दिशेने धावतात, म्हणजे महत्त्वाचं ते उजवं वळण. नाक रुतायचं थांबलं आहे (ते सगळं दीड अंश वॉशरांचं पाप होतं), पण आता मागचा भाग बाहेर घसरतो आणि मध्येच प्रॉप हवा ओढून किंचाळतो. बाहेर पडताना वेग निम्म्यावर.

टर्न फिन उजव्या स्पॉन्सनच्या मागे, पाण्यात २५ मिमी. वळणात बोट जिच्याभोवती फिरते ती ही सुरी. काठावरच दोरा ताणून बघितलं तर फिन मध्यरेषेला समांतरच नाही, पुढची धार जवळजवळ दोन अंश बाहेर. म्हणजे सरळ जातानाही ती बोटीला एका बाजूला खेचत होती आणि मी स्टिअरिंगच्या ट्रिमने भरपाई करत होतो. ब्रॅकेटची भोकं लांबट करायला कानस आणली होती, तिथेच बसून केलं. मावशीने चहा आणि अंजिरं पाठवली.

फिन सरळ झाल्यावर अर्धं दुखणं गेलं. मग प्रॉपशाफ्ट २ मिमी खाली, १० चा १२. वेग ६१.५ चा ६०.५ झाला, पण वळणात किंचाळणं बंद. हा सौदा मला मान्य आहे. किलोमीटरभर वेग सरळ रेषेत मिरवायला, बाकी सगळा वेळ वळणात जातो.

जाता जाता एक गोष्ट. बोट सरळ जाताना डावीकडे किंचित झुकलेली दिसते. मागून बघितलं तर प्रॉप घड्याळाच्या दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया बोटीला उलट फिरवते, डावा पाय दाबते. बॅटरी उजवीकडे ६ मिमी सरकवली, सीजी सव्वा मिमी उजवीकडे. झुकणं कमी झालं, पूर्ण नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

प्रॉप. पाती धारदार केली आणि तोललं. दोन ब्लेड समांतर उभी करून त्यांच्यावर शाफ्टचा तुकडा ठेवला. जड पातं खाली येतं, त्याची पाठ घासायची, परत ठेवायचं. अकरा वेळा. हा प्रॉप बेरिलियम तांब्याचा, त्याची धूळ फुप्फुसात गेली तर गंभीर आजार होतो. म्हणून सगळं घासकाम परातीतल्या पाण्याखाली, मास्क लावून, आणि ती परात आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही. आईने नवी आणायला सांगितली आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

थंड हवेच्या सिद्धान्ताला एक संधी दिली, मेलेल्याला पाणी पाजावं तशी. साडेसातला १३ अंश, पाणी स्थिर. दुपारी एकला ३१ अंश. बदल काही नाही.

सकाळी पूर्ण थ्रॉटलला नाक दिसेल न दिसेल इतकं वर, एकदा बारीक डुलकी. दुपारी बसलेली, निवांत. तेव्हा परिणाम आहे. पण दुपारी पाठीमागून झुळूक होती, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही. सकाळसाठी बॅटरी १० मिमी पुढे, दुपारसाठी जागेवर. वेल्क्रोवर मार्करने दोन खुणा केल्या. मी 'थंडी' आणि 'ऊन' लिहिलं. सईने त्याखाली बारीक अक्षरांत 'बाबांचा सिद्धान्त' लिहिलं.

तोललेल्या प्रॉपने वेग वाढला नाही, आवाज बदलला. आधी खरखर होती, आता शिट्टी. वळणातून बाहेर पडतानाची उचल चांगली. रिमोटवर स्टिअरिंगला ३० टक्के एक्स्पो (मधल्या बारीक हालचाली मंद करणारी सेटिंग) टाकला, मधे हात मऊ झाला. सर्व्होच्या (स्टिअरिंग फिरवणाऱ्या छोट्या मोटरच्या) दांडीत ढिलाई होती, बॉल-लिंक तपकीर गल्लीतून आणले होते ते बसवले. हे खरं तर पहिल्या दिवशी करायचं काम.

२ मार्च, रविवार

पाझर तलाव तो पाझरणारच. खाली विहिरींना पाणी लागावं म्हणूनच तो बांधलेला असतो. महिन्याभरात पाणी हातभर उतरलं, पूर्वेकडचा उथळ भाग उघडा पडला आहे. तात्या म्हणाले अजून दोन रविवार, मग चिखल.

आठ फेऱ्या. सातव्यापर्यंत ६० ते ६१, उजवं वळण एका ओळीत, सईने स्टॉपवॉच लावून दोन बाटल्यांच्या बोयांभोवती फेरी मोजली: १४.२, १४.१, १४.३ सेकंद. तिला चालवायला दिली तेव्हा १५ आणि मग १४.४. मी वापरतो त्यापेक्षा ती थ्रॉटल कमी सोडते, वळणात शिरताना नुसता बोटाचा दाब हलका करते. विचारलं तर म्हणे, "तू घाबरतोस, कारण पालथी झालेली तू बघितलीयस." मग तू नव्हतीस का तिथे? "मी व्हिडिओ काढत होते."

आठव्या फेरीत उथळाकडे दगडाला घासली. डाव्या स्पॉन्सनच्या मागच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका, बरोब्बर नव्या एपॉक्सीत. परत येताना सरळ रेषेत नाक दोनदा डुललं. एका दाण्याने.

बॅटरी सेलला ३.८ व्होल्टवर आणून डब्यात ठेवली. एल-पट्टी आणि ग्रॅनाइट पलंगाखालून बाहेर काढले आहेत. हॉलच्या दारासाठी प्रायमर आणला, ते आधी की कड आधी यावर घरात चर्चा चालू आहे.